पिवळं बदक आणि तोंडातल्या टाचण्या

तीर्थरूप दादाच्या पायांवर डोकं ठेवून धाकट्या बहिणीचा नमस्कार. (डोकं मनातल्या मनात ठेवलंय. माझी कंबर धरलीय आणि तुझे पाय लांब आहेत.)

आम्ही इथे सगळे बरे आहोत. तुझा गुडघा कसा आहे? साखर तपासलीस, की तपासली असं नुसतं सांगतोस? वहिनी गेल्यापासून तू दोन्ही वेळेला नीट जेवतोस का, हे मी दर पत्रात विचारते आणि तू दर पत्रात 'ठीक आहे' एवढंच लिहितोस. ठीक काय आहे? जेवण, गुडघा, का घर? माणसानं चार ओळी लिहाव्यात. असो. नातीचं रडणं थांबलं का? (ती कशासाठी रडत होती ते तू लिहिलं होतंस, पण नेमका तिथेच माझ्या चहाचा डाग पडला, म्हणून वाचता आलं नाही.) सूनबाईला आशीर्वाद सांग.

आता आधी मुद्द्याचं. रविवारी येऊ नकोस. बॅग भरली असशील तर उपस. गाडी सांगितली असशील तर नको म्हणून कळव. तुझ्या ओळखीचे ते डोक्याचे डॉक्टर, ज्यांना तू बरोबर आणणार होतास, त्यांना सांग की पेशंटला काही झालेलं नाही, आणि हेही सांग की पेशंटची आई जरा घाईची आहे. माझं मागचं पत्र फाडून टाक. तुझा भाचा वेडा झालेला नाही. त्याला तुझ्या सिमेंटच्या दुकानात गल्ल्यावर बसवायची गरज नाही. हे मी फोनवर का नाही सांगितलं म्हणशील, तर फोनवर आपण दोघं एकदमच बोलतो आणि एकदमच ठेवतो. मागच्या वेळी निम्मं सांगायच्या आत तू 'आलोच' म्हणालास.

आता कसं कसं झालं ते पहिल्यापासून सांगते, म्हणजे तू इकडे तिकडे काही पसरवलं असशील तर गोळा करता येईल.

चिरंजीव उन्हाळ्यात मोठ्या शहरातून परत आले ते तुला ठाऊकच आहे. तिथल्या कंपनीनं एका सकाळी दाराला कुलूप लावलं. का लावलं, कसं लावलं, मी विचार विचार विचारलं. एक शब्द नाही. वरच्या खोलीत टेबल मांडलं, त्यावर कॉम्प्युटर मांडला आणि दार लोटून बसला. जेवायला खाली यायचा, ताटाकडे बघून जेवायचा, वर जायचा. मी म्हणायचे, अरे बोल काहीतरी. तो 'अगं आई, त्याचं काय झालं ना' असं सुरू करायचा, मी म्हणायचे, पाल्हाळ नको, मुद्द्याचं सांग. की झाला गप्प. मुलांना बोलायचंच नसतं दादा, दुसरं काय.

मग एका दुपारी मी त्याचे इस्त्रीचे कपडे घेऊन वर गेले, तर आतून बोलण्याचा आवाज. आणि काय गोड आवाज! मऊ, समजुतीचा, असा तो माझ्याशी जन्मात बोललेला नाही. म्हणत होता, 'हे बघ, मी तुला इथून निघायला सांगतो. बरोबर? तू निघतेस. पुढे जातेस. सगळं छान चाललंय. मग परत येताना पुलावर तू नाहीशी का होतेस?' दादा, मला इतका आनंद झाला! म्हटलं, मुलगी आहे. भांडण झालेलं दिसतंय, पण आहे. मी तशीच जिना उतरले, मशीनवर येऊन बसले, आणि बघते तर काय, चिरंजीवांचा फोन माझ्या दोऱ्यांच्या रिळांमध्ये चार्जिंगला लावलेला. मग वर हा बोलतोय कोणाशी? पुन्हा वर गेले, दार ढकललं. खोलीत कोणी नाही. हा एकटा, आणि टेबलावर, कॉम्प्युटरच्या शेजारी, एक पिवळं रबरी बदक. लहान मुलं आंघोळीला घेतात ते. हा त्याच्याकडे तोंड करून बसलेला. मला पाहून लाल झाला आणि म्हणाला, 'काही नाही आई, काम करतोय.'

काम! अरे, तू कापड कापलंस तर ते काम. भिंत बांधलीस तर ते काम. बदकाला पुलावरच्या गोष्टी सांगणं हे कुठलं काम?

आमच्या ह्यांना सांगायला गेले. (ह्यांच्या कानाचं यंत्र नवीन आहे, चांगलं आहे, फक्त घरात शिरताना ते काढून ठेवतात.) सगळं ऐकल्यासारखं करून म्हणाले, 'मीसुद्धा सायकलशी बोलतो.' म्हणजे घराण्यातच आहे! आमच्या बाजूचं नाही, एवढंच समाधान.

मग मी ते बदक उचललं आणि बटणांच्या डब्यात घालून टाकलं. म्हटलं, मूळच उपटावं. संध्याकाळपर्यंत चिरंजीवांनी घर उलटंपालटं केलं. गाद्या झटकल्या, माझं शिवणाचं कपाट उपसलं, जेवला नाही, आणि शेवटी जिन्यावर डोकं धरून बसला. बाईमाणूस आहे मी, दगड नाही. बदक काढून गुपचूप त्याच्या टेबलाखाली सरकवलं. ते सापडल्यावर तो जे हसला ना दादा, त्यानं मला जास्तच भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी, 'माझं डोकं गरगरतंय, सोबत चल' असं खोटं सांगून त्याला आपल्या कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांना आधीच निरोप ठेवला होता की खरा पेशंट बरोबरचा आहे, बघा जरा. डॉक्टरांनी त्याला सहज विचारावं तसं विचारलं, काय करतोस. त्यानं सांगितलं. मग दोघं खुर्च्या ओढून डॉक्टरांच्या कॉम्प्युटरपुढे बसले. बाहेर खोकणारी माणसं खोकतायत, आत ह्या दोघांचं चाललंय. चिरंजीवांनी त्यांचा बंद पडलेला प्रिंटर चालू करून दिला. डॉक्टर म्हणाले, हुशार मुलगा आहे, काळजी करू नका. मग माझ्या दंडाला पट्टा बांधला, फुगवला, आणि गोळ्या मला लिहून दिल्या. रोज एक, सकाळी. त्याच संतापात मी तुला मागचं पत्र लिहिलं.

तुझं उत्तर आलं, पुढच्या रविवारी येतो, त्याला घेऊन जातो. नेहमीप्रमाणे तीन ओळी. मीच बोलावलं होतं, कबूल आहे. पण पोरगा खरंच जाणार म्हटल्यावर वरच्या खोलीत कोणी नाही हे चित्र डोळ्यापुढे आलं, आणि माझा शिवणाचा धागा सरळ जाईना.

तेवढ्यात शनिवारी चिरंजीवांनी स्वतःहून सांगितलं, 'आई, आज संध्याकाळी आमच्या लोकांची बैठक आहे. मी केलेलं दाखवणार आहे. बसच्या ऑफिसातून एक बाई यायच्यात. त्यांना आवडलं तर मला इथेच काम मिळेल.' दाखवणार काय, तर शहरातली बस कुठवर आली ते घरबसल्या फोनवर दिसतं, असं काहीतरी त्यानं बनवलंय. मी म्हटलं, मी पण येते. (मनात म्हटलं, चार माणसांत ह्यानं बदक काढलं तर झाकायला कोणी तरी हवं.) आणि निघायच्या आधी तो बुटाची नाडी बांधत होता, तेव्हा त्याच्या पिशवीतून ते बदक काढून माझ्या पर्समध्ये रुमालाखाली कोंबलं. आईनं आणखी काय करायचं असतं?

बैठक कुठे, तर आपल्या बर्फाच्या कारखान्यात. हो, तोच, जिथे आपण लहानपणी बर्फाचा चुरा चोखत उभे राहायचो आणि मुकादम हाकलायचा. आता हाकलत नाहीत, दारात उभं राहून 'या या' म्हणतात. तू शेवटचा आलास तेव्हाचं गाव आता राहिलेलं नाही दादा. जिथे गोदामं होती तिथे काचा लागल्यात, काचांच्या आत रंगीत खुर्च्या, आणि खुर्च्यांत पाय वर घेऊन बसलेली पोरं. बर्फाच्या लाद्या जिथे ठेवायचे तिथे आता गाद्या टाकल्यात. इतकी शिकलेली माणसं, पण एकाच्या शर्टाला बटण असेल तर शपथ! सगळे बिनकॉलरचे, गळ्यातून घालायचे, छातीवर काहीबाही लिहिलेले, आणि ते म्हणे फुकट वाटतात. काज नाही, कॉलर नाही, काखेला झोळ. ह्या धंद्याची भरभराट झाली तर शिंप्यांनी काय खायचं, हा विचार तिथे कोणी केलेला दिसला नाही.

दारात एका चष्मेवालीनं माझ्या छातीवर कागद चिकटवला. त्यावर आपलं नाव लिहायचं. मी 'आई' लिहिलं. मग एक दाढीवाला आला (तो म्हणे ह्या बैठकांचा करताकरविता) आणि एकदम विचारतो, 'तुम्ही काय बनवता?' ना पाणी, ना बसा. म्हटलं, पडदे आणि शाळेचे गणवेश. 'वा! पुढे वाढवायचा विचार आहे?' म्हटलं, मी कशाला वाढवू, पोरंच वाढतात, मी शिलाई उसवून देते. तर त्यानं ते फोनमध्ये टिपून घेतलं! आणि आणखी दोघांना बोलावून मला तेच पुन्हा म्हणायला लावलं.

आणि मग मी टेबलं पाहिली.

दादा, जागोजागी बदकं! पिवळी बदकं, एक हिरवं, एकाला टोपी, एकाला चष्मा. ज्यांच्याकडे बदक नव्हतं त्यांच्याकडे दुसरं काही. एका टकल्या, चांगल्या पन्नाशीच्या माणसानं समोर निवडुंगाची कुंडी ठेवली होती आणि तिला तो हळू आवाजात काही समजावत होता. एक मुलगी लाकडी हत्तीला म्हणत होती, 'थांब, हे मी चुकीचं सांगितलं, पहिल्यापासून सांगते.' मी मटकन खुर्चीत बसले. आधी वाटलं, सगळं गावच गेलं. मग हळूहळू जीव खाली बसायला लागला. एकाला झालं तर रोग. सगळ्यांना झालं की त्याला रोग म्हणत नाहीत, धंदा म्हणतात.

चष्मेवालीला विचारलं, हे काय आहे बाई, खरं सांग. ती म्हणाली, 'काकू, काम अडलं ना, की ते पहिल्यापासून, एकेक पायरी, कोणाला तरी सांगायचं. ज्याला काही कळत नाही त्याला. सांगता सांगता आपली चूक आपल्यालाच दिसते.' म्हटलं, मग माणसाला का नाही सांगत? घरात माणसं असतात की. ती म्हणाली, 'माणसं मधेच बोलतात हो.' चिरंजीव शेजारीच उभे होते. ते छताकडे बघायला लागले. छतावर काहीही नव्हतं, मी पाहिलं.

त्यांनी चित्रं दाखवायला भिंतीवर एक मोठा पांढरा कपडा लावला होता. त्याची खालची दुमड उसवून एका बाजूला लोंबत होती. आणि ही सगळी हुशार मंडळी मान वाकडी करून ते बघत बसणार होती! मला लोंबती दुमड बघवत नाही, तुला माहीतच आहे, वहिनीच्या माहेरच्यांचे पडदेसुद्धा मी न विचारता शिवले होते. स्टूल ओढलं, पर्समधून टाचण्या काढल्या, मूठभर तोंडात धरल्या आणि लागले टोचायला.

तेवढ्यात चिरंजीवांचा नंबर आला. पुढच्या खुर्चीत बसच्या ऑफिसातल्या बाई, मांडीवर पर्स, चेहरा इस्त्री केलेला. मी कपड्याच्या कडेला, स्टुलावर. नकाशा आला, त्यावर बस निघाली, एक छोटा लाल ठिपका. बाजार, शाळा, पूल, पुलापलीकडचा चौक. सगळे माना डोलावतायत. मग बस परत फिरली, पुलावर आली, आणि गेली! ठिपकाच नाही. पुन्हा चालवली, पुन्हा पुलावर गडप. बसबाईंनी पर्सची चेन उघडली आणि लावली. मागून कोणी तरी ओरडलं, 'बदक काढ, बदक!' तिथे म्हणे तशी रीतच आहे, सगळ्यांसमोर अडलं की सगळ्यांसमोर बदकाला सांगायचं, कोणी हसत नाही. चिरंजीवांनी पिशवीत हात घातला. मग दुसरा हात घातला. मग पिशवी उलटी केली.

बदक माझ्या पर्समध्ये, पर्स स्टुलाखाली, आणि माझं तोंड टाचण्यांनी भरलेलं. सांगू कशी? 'हुं हुं' केलं तर त्याला वाटलं, मला स्टूल धरायला कोणी हवंय.

त्याचा चेहरा पांढरा पडला होता दादा. उन्हाळ्यात दारात येऊन उभा राहिला होता ना, तस्साच. तेव्हा ती चष्मेवाली उठून म्हणाली, 'अरे, आई आहेत की. त्यांना कळतं का ह्यातलं काही?'

'काडीचं नाही,' चिरंजीव म्हणाले. (तीनशे पोरांचे गणवेश शिवून शिकवला ह्याला!)

'मग झालं तर!'

आणि हा माझ्यासमोर येऊन उभा राहिला. दोन्ही हात माझे कपड्यात, तोंडात टाचण्या. म्हणाला, 'आई, ही बस. हिला मी सांगितलंय, थांबा आला की खूण कर.' मला विचारायचं होतं, कोणाला सांगितलंय, ड्रायव्हरला? विचारता येईना. 'खूण झाली की तो थांबा संपला. पुन्हा त्याच्याकडे बघायचं नाही. बाजार संपला, शाळा संपली, पूल संपला.' मला म्हणायचं होतं, लवकर आटप, बाई निघतायत. म्हणता येईना. एक टाचणी ओठात घुसली, तरी गप्प. 'मग ती चौकात वळते. वळून परत येते. परत पुलावर...' आणि थांबला. माझ्याकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, 'परत येते. बस परत येते हे मी सांगितलंच नाही. जी परत आली ती संपली असंच धरून बसलोय मी.'

मग जो आरडाओरडा झाला! तो टेबलाकडे धावला, टकटक टकटक, थोडंसं काही बदललं. लाल ठिपका निघाला, चौकात वळला, पुलावर आला, पूल ओलांडला आणि शाळेवरून बाजारात येऊन थांबला. टकला माणूस निवडुंग डोक्यावर घेऊन नाचला. बसबाई मात्र उठल्या त्या सरळ माझ्याकडे आल्या आणि विचारलं, 'आमच्या ऑफिसातले पडदे खूप वर्षांचे आहेत, तुम्ही बघाल का?' मग चिरंजीवांना सांगितलं, सोमवारी ये, साहेबांना दाखवू. तो काल जाऊन आला. काम मिळालंय दादा. इथेच. वरच्याच खोलीत बसून करायचं.

त्या संध्याकाळी आम्ही चालत घरी आलो. वाटेत तो बोलायला लागला. ती कंपनी कशी बंद पडली, तिथे शेवटी शेवटी काय काय झालं, परत यायच्या गाडीत बसून त्याला काय वाटत होतं. उन्हाळ्यापासून मी जे विचार विचार विचारत होते ते सगळं, न विचारता. कारखान्यापासून आपल्या गल्लीपर्यंत. एकदाही थांबला नाही. दारात आल्यावर म्हणाला, 'आज तू काहीच बोलली नाहीस.'

कशी बोलणार? दोन टाचण्या मी तोंडातच ठेवल्या होत्या.

आता त्या मंडळींनी मला दर शनिवारी बोलावलंय. मी शिवण घेऊन कोपऱ्यात बसायचं, ज्याचं अडेल त्यानं येऊन सांगायचं. मी एकच अट घातली, माझ्यासमोर बसायचं तर बटणाचा शर्ट घालून या. दाढीवाल्यानं दोन शिवायला टाकलेत.

तर असं आहे. पोरगं शहाणं आहे, डॉक्टरला नको म्हण, आणि येऊ नकोस.

तुझी धाकटी

ता. क. ह्या पत्राबरोबर एक खोकं पाठवतेय. त्यात एक नवं पिवळं बदक आहे, ते नातीला दे. डागाखालचं मला वाचता आलं होतं. तिचं हरवलेलं बदक चोरीला गेलेलं नाही. मागे तुझ्याकडे राहायला आला होता तेव्हा तुझ्या भाच्यानं ते न्हाणीघरातून खिशात घातलं. तुमच्या भांडीवालीवर संशय घेतलास ना, आधी तिची माफी माग. जुनं परत मिळणार नाही. पर्समधून काढून मी ते मुकाट्यानं त्याच्या टेबलावर ठेवलंय. त्यानं पाहिलं, पण काही बोलला नाही, आणि मीही नाही.

ता. क. दुसरा. खोक्यात तळाशी, कापडात गुंडाळलेलं, आणखी एक बदक आहे. ते नातीचं नाही. ते तुझ्या पलंगाजवळ ठेव, वहिनीचं घड्याळ असतं तिथे. वर्ष होत आलं, तू कोणाला चार ओळी सांगितलेल्या नाहीस. पहिल्यापासून सांग, एकेक पायरी, त्याला घाई नाही.

ता. क. तिसरा. आणि बदकाशी बोलताना कसंतरी वाटलं (तुला वाटणारच, तू सिमेंटवाला) तर रविवारी ये. डॉक्टरला घरी ठेव, एकटा ये. मला काडीचं कळत नाही, हे आता चारचौघांत ठरलंय. तू सांग, मी तोंडात टाचण्या धरून बसेन.